परसात साठवलेला उजेड

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला तेव्हा माघ सरत आला होता. विषय होता 'अंतर'. ऐकताक्षणी मला एक फोटो आठवला. दोन वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातल्या एका लग्नात, पहिली पंगत उठायची वाट बघत असताना, शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी तो मला मोबाइलवर दाखवला होता. काळ्याभोर चौकटीत पिवळसर, धूसर ठिपके, सांडलेल्या राजगिऱ्यासारखे. मधोमध दोन जरा मोठे.

"हे तारे?" मी विचारलं.

"टोकदार आहेत ते तारे. आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आडवे आलेले. ज्यांच्या कडा विरलेल्या दिसतात, ती प्रत्येक एक दीर्घिका. एकेकीत अब्जावधी तारे. हा उजेड तिथून निघाला त्याला ३२ कोटी वर्षं झाली."

"कुठल्या वेधशाळेतला फोटो?"

"आमच्या परसातला. शेवग्याशेजारून काढलाय."

ते एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. गाव त्यांना 'सर' म्हणतं, मीही तेच म्हणते. विषय कळल्यावर त्याच दिवशी त्यांना फोन केला. "फाल्गुनातल्या अमावस्येला या," ते म्हणाले. "पाडव्याची आदली रात्र. चंद्र नाही, हवा कोरडी, आणि अरुंधतीकेश हा तारकासमूह मध्यरात्रीनंतर पार डोक्यावर येतो. मुक्कामालाच या. दुसऱ्या दिवशी गुढी उभारून, जेवून जा."

बोअरचा पाइप आणि गुढीची काठी

ओतूर सोडून माळशेजच्या दिशेनं गेलं की उत्तरेला हरिश्चंद्रगडाची रांग उभी राहते. सरांचं घर गावाच्या टोकाला आहे. पुढे ओटा, मागे परस. परसात शेवगा, अळू, कढीपत्ता, धुण्याचा दगड, आणि त्यापलीकडे जमिनीतून कमरेइतका वर आलेला एक जाड पाइप. बोअरवेलच्या केसिंगचा उरलेला तुकडा त्यांनी तीन फूट खोल पुरला आणि आत काँक्रीट ओतलं. दुर्बीण बसते ती ह्या खांबावर. तिपाईवर ठेवली तर कुणी नुसतं जवळून चाललं तरी चित्र हलतं.

संध्याकाळी वहिनी गुढीची काठी धुऊन भिंतीला टेकवत होत्या आणि सर घरातून एकेक वस्तू बाहेर आणत होते. पाऊण मीटर लांबीची पांढरी नळी, तिच्या तळाशी १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा. म्हणजे सहा इंच, पोह्यांच्या बशीएवढा. ह्या नळीपेक्षा तिला फिरवणाऱ्या माउंटवर त्यांनी जास्त पैसे घातले आहेत, आणि ह्या छंदात मुरलेला कुणीही तसंच करायला सांगेल. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला सरकत राहतं. दोन मिनिटांच्या फोटोत तारा ठिपकाच राहायला हवा असेल, तर दुर्बिणीनंही त्याच्याबरोबर तितक्याच वेगानं सरकायला हवं. माउंटची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची. दिवसाच्या २४ तासांची चालत नाही, कारण हिशेब सूर्याशी नसून ताऱ्यांशी आहे.

हे जमायचं तर माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. डोंगरावरच्या धुरकट हवेत तो मिणमिणत होता. शिवाय तो नेमका ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा बाजूला आहे, आणि त्या बाजूचाही हिशेब धरावा लागतो. सर गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून पोलर स्कोपला डोळा लावला आणि दोन स्क्रू पाव-पाव फेऱ्यांनी फिरवत राहिले. वीस मिनिटं कुणी बोललं नाही.

एवढं करूनही माउंटचे दाते कुठेतरी किंचित कमी-जास्त चालतातच. म्हणून मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी नळी बसवलेली असते. तिच्यातला कॅमेरा एकाच ताऱ्यावर डोळा ठेवतो आणि तो जरा हलला की दर दोन सेकंदांनी माउंटला सांगतो, इकडे सरक, तिकडे सरक. ह्याला सगळे 'गायडिंग'च म्हणतात. चूक एका विकलेच्या आत ठेवायची असते. रुपयाचं नाणं साडेचार-पाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढी ती एक विकला.

वीज त्यांनी घरातून घेतलेली नाही. शेतीपंपांची थ्री फेज रात्री कधी येईल, कधी दाब पडेल, सांगता येत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढी एक बॅटरी पाटावर ठेवलेली असते आणि सगळं त्या १२ व्होल्टवर चालतं.

अरुंधतीच्या केसांत

नऊ वाजले. सरांची नववीतली मुलगी ओट्यावरून मला आकाश दाखवू लागली. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. सिंहाच्या शेपटीशी उत्तरा फाल्गुनी. स्वाती आणि उत्तरा फाल्गुनी यांच्या मध्ये, जरा उत्तरेकडे, धुक्यासारखा एक बारीक ताऱ्यांचा पुंजका दिसतो. तो अरुंधतीकेश. तिथल्या बीटा ताऱ्यापासून पश्चिमेला तीनेक अंश सरकलं की जिथं डोळ्यांना काहीही दिसत नाही, तिथं आमचं आजचं लक्ष्य होतं: केश समूह, एक हजाराहून अधिक दीर्घिकांचा.

दीर्घिका एकट्या क्वचितच राहतात. आपल्या आकाशगंगेचं आणि देवयानी दीर्घिकेचं मिळून एक छोटं खेडं आहे. त्यापलीकडे ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर कन्या समूह, तेराशेहून अधिक दीर्घिकांचं गाव. आणि ३२ कोटी प्रकाशवर्षांवर हे केशातलं शहर, दाटीवाटीचं, मधोमध दोन राक्षसी दीर्घिका बसलेल्या. त्यांतल्या एकीच्या, एनजीसी ४८८९ च्या पोटातल्या कृष्णविवराचं वस्तुमान २०११ मध्ये मोजलं गेलं तेव्हा ते सुमारे २१०० कोटी सूर्यांएवढं निघालं.

आपल्याला ह्या दिशेला इतकं लांबचं दिसतं त्याचं कारण साधं आहे. आकाशगंगा भाकरीसारखी चपटी आणि आपण तिच्या पदरात बसलेले. भाकरीच्या आडव्या दिशेनं बघितलं तर पिठातूनच बघावं लागतं, ताऱ्यांची गर्दी आणि धूळ आड येते. सरळ वर बघितलं तर पापुद्रा पातळ आणि पुढे मोकळं. ही 'वरची' दिशा, आकाशगंगेचा उत्तर ध्रुव, नेमकी अरुंधतीकेशात पडते. चैत्र-वैशाखात रात्री ती आपल्या माथ्यावर असते. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना केश समूह तिरका बघावा लागतो; आपल्या अक्षांशावर तो खस्वस्तिकापासून ९-१० अंशांवरून जातो, म्हणजे हवेच्या सगळ्यात पातळ थरातून. आकाशानं महाराष्ट्राला दिलेली ही देणगी आहे, आणि ती फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

अंतराचे आकडे डोक्यात उतरत नाहीत, म्हणून सर मुलांना सह्याद्रीच्या भाषेत सांगतात. ओट्याला बसवलेला काळा दगड म्हणजे बसाल्ट, त्याचा लाव्हा वाहिला साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. कन्या समूहातला उजेड निघाला तेव्हा हा दगड थंड होऊन बसलेला होता. केश समूहातला उजेड ह्या दगडाच्या जवळपास पाचपट जुना आहे. तो निघाला तेव्हा डायनोसॉरही जन्मले नव्हते. पृथ्वीवर दलदलीची रानं होती, ज्यांचा पुढे दगडी कोळसा झाला.

"आणि तो आज आपल्या शेवग्याशेजारी उतरतोय," मुलगी म्हणाली. हे वाक्य तिनं आधीही कुणाकुणाला सांगितलं असणार. मला ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

थेंबे थेंबे

साडेनऊला दुर्बीण वळली. सरांनी लॅपटॉपवर नाव टाकलं, माउंट घूं करत फिरला, कॅमेऱ्यानं एक झटपट फोटो घेतला आणि त्यातल्या ताऱ्यांची रचना नकाशाशी ताडून प्रोग्रॅमनं सांगितलं की आपण सहा कला चुकलो आहोत. 'प्लेट सॉल्व्ह' म्हणतात ह्याला. दुसऱ्या प्रयत्नात नेम लागला. मग दोन मिनिटांचा पहिला फोटो सुरू झाला, आणि पडदा उजळला तेव्हा मी निराश झाले. करड्या रवाळ पार्श्वभूमीवर काही तारे आणि मध्ये दोन फिकट डाग. बाकी राजगिरा कुठेच नव्हता.

"आहे सगळं त्यात," सर म्हणाले. "फक्त अजून वेगळं झालेलं नाही."

त्यांनी मग जे समजावलं, तो ह्या छंदाचा गाभा आहे. डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटर उघडते. बशीएवढा आरसा तिच्या साडेचारशेपट उजेड गोळा करतो. तरीही अठराव्या प्रतीची एखादी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्यापेक्षा ६३ हजारपट मंद असते. तिच्याकडून ह्या आरशावर सेकंदाला प्रकाशाचे दहा-वीस कण पडले तरी पुष्कळ. त्यांतलेही काही गळतात, उरलेले अनेक पिक्सेलवर विखुरतात. आणि त्याच पिक्सेलवर आकाशाचा स्वतःचा उजेड पडत असतो, कितीतरी जास्त.

"पहिल्या पावसात अंगणातल्या फरश्या बघितल्यात?" सरांनी विचारलं. "पहिल्या मिनिटाला एका फरशीवर चार थेंब असतात, शेजारच्या फरशीवर नऊ. म्हणून काही तिच्यावर जास्त पाऊस पडतोय असं नसतं. पण एखाद्या फरशीवर पागोळीची बारीकशी धार असेल, तर तासाभरानं ती ओळखू येते. आपण तेच करतो, तासभर थांबतो."

दोन-दोन मिनिटांचे दीडशे फोटो घ्यायचे आणि एकावर एक रचायचे. दीर्घिकेचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी पडतो, त्याची बेरीज होत जाते. आकाशाची चळवळ प्रत्येक फोटोत वेगळी, ती एकमेकींत जिरत जाते. चौपट फोटो घेतले की चित्र दुपटीनं स्वच्छ होतं. हिशेब कंजूष आहे, पण त्याला शेवट नाही. जितका वेळ द्याल तितकं खोल जाता येतं. एका रात्रीत भागलं नाही तर पुढच्या अमावस्येला तिथूनच पुढे बेरीज चालू करता येते.

एकेकाळी हे काम फक्त मोठ्या वेधशाळांचं होतं. जॉर्ज एबेल यांनी १९५८ मध्ये २७१२ दीर्घिकासमूहांची यादी प्रसिद्ध केली, ती पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीनं काढलेल्या काचेच्या फोटोप्लेटा तपासून. त्या प्लेटांवर पडलेल्या प्रकाशातला शंभरात एखाद-दुसराच कण ठसा उमटवायचा. आजच्या कॅमेऱ्यातली चकती शंभरातले सत्तर-ऐंशी टिपते. परसातल्या सहा इंची आरशाला हे धाडस करता येतं ते ह्या चकतीमुळे. मात्र चकती गरम झाली की स्वतःच खोटे ठिपके उठवते. म्हणून कॅमेऱ्याच्या पाठीला छोटा थंडावा आणि पंखा असतो. फाल्गुनातल्या उकाड्यात ती उणे दहा अंशांवर बसली होती.

आजींचा बल्ब

अकरा वाजता शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या. "मास्तर, आवसंची रात हाये. पोरीला घिऊन भाईर नका बसू."

त्यांना अमावस्येची भीती होती आणि बिबट्याचीही. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. ऊस हेच त्याचं रान झालं आहे. माद्या उसातच पिलं देतात. थ्री फेज रात्री आली की पाणी धरायला माणसं बॅटरी घेऊन शेतात जातात, तेव्हा मोठमोठ्यानं बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जातात. दोन वर्षांपूर्वी आजींच्या गोठ्यापासून कुत्रं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलानं भिंतीवर मोठा पांढरा एलईडी बल्ब लावला. तो रात्रभर सरांच्या परसात पडू लागला.

दीर्घिकांच्या फोटोला दिव्याचा उजेड सगळ्यात जास्त बाधतो. शहरातल्या गच्चीवरून तेजोमेघांचे सुंदर फोटो निघतात, कारण तेजोमेघातला वायू ठरावीक रंगांतच चमकतो; तेवढेच रंग सोडणारं फिल्टर लावलं की रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड अडतो. दीर्घिकेचा उजेड मात्र कोट्यवधी ताऱ्यांचा एकत्र, सगळ्या रंगांचा. बल्बही सगळ्या रंगांचा. फिल्टर लावून दोघांना वेगळं करता येत नाही. मग राहतो एकच उपाय, काळोख. शहराचं आणि गावाचं आकाश उजळण्यात तीन प्रतींचा फरक असेल, तर शहरातलं आकाश सोळापट उजळ झालं. इथे पाच तासांत मिळणाऱ्या चित्राला तिथे ऐंशी तास लागतील.

तरी सरांनी आजींना बल्ब बंद करा असं सांगितलं नाही. "त्यांची भीती खरी आहे," ते म्हणाले. "माझ्या फोटोसाठी म्हाताऱ्या माणसाला अंधारात कसं बसवू?" त्यांनी बल्बाचं नीट निरीक्षण केलं. अर्ध्याहून अधिक उजेड वर आणि आडवा जात होता, जिथं ना गोठा होता ना बिबट्या. मग पंधरा लिटरच्या तेलाचा रिकामा डबा घेतला, तिरका कापला, आतून पांढरा रंग दिला आणि बल्बावर टोपीसारखा बसवला. आता सगळा उजेड गोठ्याच्या दारात आणि अंगणात पडतो. आजींचं अंगण आधीपेक्षा जास्त उजळलं, म्हणून त्या खूश. सरांचं परस काळं झालं, म्हणून सर खूश. त्यानंतर गावातल्या आणखी चार घरांनी तसे डबे करून घेतले.

पेंचच्या महाराष्ट्रातल्या व्याघ्रप्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तिथंही मोठा भाग हाच होता: दिव्यांची तोंडं खाली वळवणं. काळोख राखायला उजेड सोडावा लागत नाही, तो जिथं हवा तिथं वळवावा लागतो. दिवे लावण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि प्रत्येक सोसायटीनं हा एवढा विचार केला, तर आपल्या मुलांना अरुंधतीकेश दाखवायला गाडीत बसवून दोनशे किलोमीटर न्यावं लागणार नाही.

आजी कुंपणावरून निघाल्या नाहीत. सरांनी त्यांना पडद्यावर ताजा फोटो दाखवला. "ह्ये समदं आपल्या आभाळात हाये?" त्यांनी विचारलं, आणि थोडा वेळ दोन्ही हात छातीशी धरून उभ्या राहिल्या.

मध्यरात्रीची पलटी

एकच्या सुमारास केश समूह माथ्यावरून पश्चिमेला झुकला. आता दुर्बिणीची नळी खांबाला घासणार, म्हणून माउंट तिला पलटी मारतो: नळी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, वरचं खाली. एवढी वायर, एवढं वजन, आणि अंधारात आपोआप फिरणारं यंत्र; सर ह्या तीन मिनिटांत दुसरं काही करत नाहीत, हातात लाल टॉर्च धरून केबल कुठे अडकत नाही ना ते बघतात. पलटी झाली. पुन्हा नेम, पुन्हा गायडिंग, पुन्हा दोन मिनिटं.

ह्याच ठिपक्यांनी १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी ह्या स्विस शास्त्रज्ञाला कोड्यात टाकलं होतं. कॅलिफोर्नियात काम करताना त्यानं केश समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं इकडेतिकडे धावत होत्या. एवढ्या वेगानं धावणारा थवा कधीच पांगायला हवा होता. दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाची बेरीज केली तरी त्यांना धरून ठेवायला ती फारच अपुरी पडत होती. न दिसणारं काहीतरी त्यांना बांधून ठेवतंय, असं झ्विकीनं लिहिलं आणि त्याला जर्मनमध्ये 'काळं द्रव्य' म्हटलं. आज आपण कृष्णद्रव्य म्हणतो ते हेच. अशा समूहाच्या एकूण वस्तुमानात ते सुमारे ८५ टक्के असतं. उरलेल्यातलाही मोठा वाटा दीर्घिकांच्या मधल्या जागेत भरलेल्या, कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचा. आम्ही जे रात्रभर गोळा करत होतो, ते त्या सगळ्यातलं काही टक्के.

ह्या कोड्यावर काम करणारी यंत्रं सरांच्या घरापासून लांब नाहीत. तासाभराच्या अंतरावर खोडदला जीएमआरटी आहे, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. समूहांमधल्या त्या विरळ पोकळीत, चुंबकीय क्षेत्रात, प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. जीएमआरटी त्या ऐकते. गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातल्या मुलांच्या दप्तरापासून विश्वाच्या कडेपर्यंतची वाट खरंच एवढी जवळून जाते.

अडीच वाजता सरांनी नेम बदलला. उत्तर मुकुटातला एबेल २०६५, शंभर कोटी प्रकाशवर्षांच्या घरातला समूह. एकेक फोटो पाहून त्यात काही कळेना. पन्नास फोटो रचल्यावर पडद्याच्या मध्यभागी वाळूसारखं काहीतरी उगवलं. मुलगी एव्हाना ओट्यावर गोधडीत झोपली होती. सरांनी तिला उठवलं नाही, पण पडदा तिच्या बाजूला वळवून ठेवला.

धोतराचं कापड आणि चाळलेला उजेड

पहाटे सव्वापाचनंतर पूर्व उजळू लागली, तसं काम संपलं असं मला वाटलं. सरांनी मात्र घरातून वडिलांच्या जुन्या धोतराचं कापड आणलं, घडी करून नळीच्या तोंडावर ताणलं, रबर लावलं आणि दुर्बीण उजळत्या आकाशाकडे वळवून तीस फोटो घेतले. हे 'फ्लॅट्स'. भिंगावर, आरशावर, चकतीवर धुळीचा कण असेल तर तो फोटोत गोल डाग पाडतो. कडा मधल्यापेक्षा जरा काळवंडतात. सपाट पांढऱ्या उजेडाचा फोटो घेतला की कुठे किती सावली आहे ते कळतं आणि तेवढी भागून काढता येते. मग नळीवर झाकण घालून 'डार्क्स', चकतीचे स्वतःचे खोटे ठिपके वजा करायला. रात्रभर धान्य जमवलं, आता चाळणी.

त्या दुपारी, गुढीला नैवेद्य दाखवून श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर, सर लॅपटॉपसमोर बसले. आदल्या दोन अमावस्यांचे मिळून केश समूहाचे अकरा तास जमले होते. 'सिरिल' हा मोफत प्रोग्रॅम फोटो एकेक करून तपासतो, ताऱ्यांवर तारे जुळवतो, एखाद्यात विमान किंवा उपग्रहाची रेघ असेल तर ती बाजूला काढतो. तासाभरानं निघालेलं चित्र जवळजवळ काळंच होतं. "आता ताणायचं," सर म्हणाले. मंद भाग उजळवत, उजळ भाग आवरत, जपून. जास्त ताणलं तर पोत फाटतो, गोंगाट वर येतो, आणि मग दीर्घिका कुठली, गोंगाट कुठला हे चित्र बघणाऱ्याला कळत नाही. जे आकाशात नाही ते चित्रात येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम आहे.

आणि मग राजगिरा सांडला. आधी पन्नास, मग शंभर. मधल्या दोन राक्षसी दीर्घिकांभोवती मऊ पिवळा उजेड, भोवती चकत्या, तिरप्या टिकल्या, दोन-दोन जुळलेल्या. मोजत मोजत शंभराच्या पुढे गेल्यावर मी थांबले. मुलगी पेन्सिल घेऊन पुढे मोजत राहिली. ह्या चित्रातला एक पिक्सेल, सरांनी हिशेब करून सांगितलं, तिथं दीड हजार प्रकाशवर्षं रुंद आहे.

चैत्र-वैशाख संपला की आभाळ मिटतं. जूनपासून चार महिने सरांची दुर्बीण धान्याच्या कोठीशेजारी घट्ट डब्यात बसते. ओलीनं आरशावर बुरशी धरते, म्हणून आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. ते दाणे गुलाबी पडले की वहिनी खास राखून ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर भाजतात. निळे झाले की पुन्हा पुरचुंडीत. पावसाळाभर दर पंधरवड्याला हे चालतं.

सरस्वतीच्या दिशेनं

पावसाळ्यानंतर सरांना जायचं आहे ते मीन राशीत. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या शास्त्रज्ञांच्या गटानं तिथं दीर्घिकासमूहांचाही एक महासमूह शोधला. सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, निदान ४३ समूहांचा, सूर्याच्या २ कोटी अब्जपट वस्तुमानाचा. त्याला त्यांनी नाव दिलं 'सरस्वती'. त्याच्या गाभ्यातला एक समूह एबेलच्या यादीत आधीपासून होता, २६३१ क्रमांकाचा. त्यातल्या सगळ्यात तेजस्वी दीर्घिका सतराव्या-अठराव्या प्रतीच्या, म्हणजे ह्या बशीएवढ्या आरशाच्या आवाक्यात, फक्त वेळ भरपूर हवा. तिथून उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवरची जीवसृष्टी सूक्ष्मजीवांपलीकडे गेली नव्हती. पुण्यात बसून सापडलेला महासमूह पुणे जिल्ह्यातल्या एका परसातून टिपायचा, ही सरांची आणि त्यांच्या मुलीची इच्छा आहे.

त्यांनी रात्र निवडली आहे लक्ष्मीपूजनाची. अमावस्या असते, आणि रात्री नऊच्या सुमारास तो भाग आभाळात सगळ्यात वर येतो. शहरात त्या रात्री धूर असतो. ह्या गावात आठनंतर फटाके फारसे वाजत नाहीत. तुम्हीही पूजा आटोपल्यावर गच्चीत किंवा अंगणात जा. माथ्याजवळ भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या दक्षिणेला मीनेतल्या फिकट ताऱ्यांचं एक कडं आहे, आणि सरस्वती त्या कड्याच्या किंचित खाली. दिसणार काहीच नाही. तरी तिचा उजेड त्या वेळी तुमच्या हातावर पडत असेल, आणि ओतूरच्या पलीकडे एका पाइपवर बसलेला आरसा तो कणाकणानं साठवत असेल.

पाडव्याच्या दिवशी मी निघाले तेव्हा ह्या बेताची बातमी कुंपणापलीकडे पोचलेली होती. आजी गुढीचा कडुनिंब घेऊन आल्या.

"मास्तर, दिवाळीला मी पणत्या आत घिऊ का मग?"

"राहू द्या आजी," सर म्हणाले. "पणतीचा उजेड ओट्याखालीसुद्धा उतरत नाही, तो आभाळात कुठून जाणार?"

आजींनी मान डोलावली, मग गोठ्याच्या भिंतीकडे बोट केलं. "त्या डब्याला तेवढा आदी रंग मार. गंजलाय त्यो."